एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची लस: या चुका टाळा

“आधी रिपोर्ट येऊ दे, मग लशीचं बघू.” सिव्हिलच्या आवारात बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आज्यांच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलंय. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पोटात असताना बाळाला आईकडून अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळतात. पहिले काही महिने बाळ त्या शिदोरीवरच तगतं. आईला एचआयव्ही असेल तर गोवरासारख्या आजारांविरुद्धची ही शिदोरी अनेकदा कमी पडते, बाळाला स्वतःला लागण नसली तरीही. लागण नसलेली ही बाळं लशीला मात्र चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे यांना तर लस वेळेवरच हवी. बाळाला एचआयव्हीची लागण आहे का हे पाहणारी पहिली पीसीआर रक्ततपासणी 6 आठवड्यांना होते, शेवटचा निकाल 18 महिन्यांनी. तोवर थांबलात तर 6, 10, 14 आठवडे आणि 9 महिन्यांचे, सगळेच डोस हुकतील.

दुसरी चूक बीसीजीची, म्हणजे टीबीविरुद्धच्या लशीची. काही आठवड्यांनी डाव्या दंडावर गाठ येते, पिकते, फुटते. एका आईने घाबरून त्यावर हळद-तेल थापलं होतं. “रोग बाहेर पडला,” असं शेजारणीनं तिला सांगितलेलं. ती जखम आपोआप भरते. दाबू नका, काही लावू नका. काखेतली गाठ वाढत असेल, ताप हटत नसेल, वजन भरत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. बाळाला लागण असल्याचं पक्कं झालं असेल किंवा तशी लक्षणं दिसत असतील, तर बीसीजीचा निर्णय डॉक्टरच घेतील.

गोवरासाठी जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांना 6 महिने पूर्ण झाल्यावर एक जादा डोस सुचवते. एआरटी सेंटरच्या (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. हा डोस घेतला तरी 9 महिन्यांचा चुकवायचा नाही.

ऊसतोडीला जाताना कार्ड घरी ट्रंकेत राहतं. ते पिशवीत घालून सोबतच न्या; जिथे फड असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे घ्यायचा.

आणि घरी कळेल या भीतीने दवाखानाच टाळू नका, ताई. डॉक्टरांना एकांतात सांगा. काही मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ही गोष्ट बाहेर सांगायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.