युनिट टाकायचंय? आधी कुठली पर्यावरण परवानगी लागते ते बघा

महाराष्ट्रात छोटा कारखाना, डाईंग युनिट असं काही सुरू करताय तर शेड बांधायच्या आधी एमपीसीबीची म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट टू एस्टॅब्लिश (युनिट उभारायची संमती) घ्या, आणि मशीन लावून झाली की उत्पादन चालू करण्याआधी कन्सेंट टू ऑपरेट (ते चालवायची संमती). दोन्ही वेगळ्या आहेत बरं का, पहिली मिळाली म्हणजे काम झालं असं समजून लोक थांबतात आणि मग नोटीस येते. सांडपाणी सोडणार असाल तर 1974 चा पाणी कायदा लागतो, चिमणी किंवा बॉयलरचा धूर असेल तर 1981 चा हवा कायदा, अर्ज मात्र ऑनलाइन एकत्रच करता येतो.

मंडळ धंद्यांचे प्रदूषणानुसार रंगाचे गट करतं, रेड म्हणजे सगळ्यात जास्त, व्हाइट म्हणजे जवळपास नाहीच. तुमचा धंदा रेड, ऑरेंज, ग्रीन की व्हाइट ते सगळ्यात आधी यादीत शोधा, कारण पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. व्हाइटवाल्यांना कन्सेंट लागत नाही, मंडळाला नुसतं कळवायचं.

जमिनीचं वेगळं. मुरूम काढायचा तर तहसील ऑफिसला विचारा, स्वतःची जमीन असली तरी. शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरण. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी, तीही काम सुरू करण्याआधी. आणि कोकणात समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत प्लॉट असेल तर सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका, कळकळीने सांगतोय, लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकलेत असे.