वाईट बातमी आली आणि डोकं बंद पडलं, तर

मे महिन्यातली गोष्ट. आईचा फोन आला, "मामा गेले." मी विचारलं, "हुतात्मा एक्स्प्रेसने?" मामा दर आठवड्याला त्याच गाडीने पुण्याला जायचे, त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. पलीकडे सगळे गप्प. पुढे बराच वेळ मला शब्द ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता.

मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे; बोललेलं मी शब्दशः घेतो. आमच्यापैकी बऱ्याच जणांचं असं होतं. बातमी कानावर आधी पडते, पोचते मागाहून. कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. त्या मधल्या वेळात काय करायचं, ते लिहितो.

सगळ्यात आधी, काहीही ठरवू नका. तिकीट नाही, कुणाला फोन नाही. शांत खोलीत जा, टीव्ही आणि ट्यूबलाइट बंद करा. (पंखा बंद करा असं सोलापुरात मे महिन्यात कोण कुणाला सांगणार? आवाज टोचत असेल तर कानात कापूस घाला.) सोलापुरी चादरीची जाड घडी करून मांडीवर ठेवा. पांघरायची नाही, उकडून जीव जाईल. नुसतं वजन हवं. असा एकसारखा दाब आमच्यापैकी अनेकांना शांत करतो. डुलावंसं वाटलं, बोटं चोळावीशी वाटली तर खुशाल करा. तहानभूक अशा वेळी कळतच नाही, म्हणून दर तासाला गजर लावून पाणी प्या. खायला ओळखीचंच घ्या. माझी कडक भाकरी आणि शेंगा चटणी ठरलेली.

मग शब्द साफ करून घ्या. खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे मरणाला सरळ मरण कुणी म्हणत नाही. "गेले", "देवाज्ञा झाली", "आता नाहीत". त्याहून वाईट म्हणजे "तब्येत जरा बरी नाही, लगेच निघ." माणूस गेल्यावरही असं सांगतात, धक्का बसू नये म्हणून. आपण मात्र वाटभर दवाखान्याची तयारी करतो आणि दारात तिरडी दिसते. म्हणून एका भरवशाच्या माणसाला बाजूला घ्या आणि विचारा: कोण? नक्की काय झालं? कधी? आता कुठे आहेत? आज मी काय करायचं? उत्तरं कागदावर लिहा. ज्याचं उत्तर मिळालं नाही, त्यापुढे "अजून माहीत नाही" लिहा. माझं डोकं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उकरत होतं, ते लिहिल्यावर जरा थांबलं. असं विचारणं उद्धट वाटेल. वाटू दे. "मला सरळ शब्दांत सांगा, आडवळणाने कळत नाही" हे वाक्य मोबाइलमध्ये आजच लिहून ठेवा. वेळेला तोंडातून शब्द फुटला नाही तर स्क्रीन दाखवता येते.

घरात माणसं जमली की अवघड असतं. रडारड, उदबत्तीचा वास, जो तो गळ्यात पडणार. किती वेळ थांबणार, कुठल्या कोपऱ्यात, कुणाशेजारी, हे आधी ठरवा आणि हाताला काम मागून घ्या. मी पाणी देत होतो, पेले मोजत होतो. असह्य झालं की उठून सिद्धेश्वर तलावाकडे जायचो, नेहमीच्याच रस्त्याने. "डोळ्यांत टिपूस नाही पोराच्या, दगड आहे," असं एक आजी म्हणाल्या. मला रडू आलं तेराव्यानंतर आठवड्याने, नवी पेठेत चप्पल घेताना. दुकानदाराने आठ नंबर काढला. मामांचाही आठच.

पुढचे दिवस रोजच्यातली एक तरी गोष्ट त्याच वेळेला करा, मग ती सकाळचा चहा का असेना. बाकीचं विस्कटलं तर विस्कटू द्या.

झोप-जेवण बरेच दिवस सुटलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटायला लागलं, तर वाट बघू नका: जवळच्या माणसाला सांगा आणि टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात. फोनवर बोलणं जमत नसेल तर चार ओळी आधी लिहा आणि त्याच वाचा. माझी पहिली ओळ अशी आहे: "मी ऑटिस्टिक आहे, उत्तर द्यायला मला वेळ लागतो, फोन ठेवू नका."