बिटकॉइन-सीएलआय: नोड चालू आहे, पण ऐकत नाही

बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर) बसवलंय आणि बिटकॉइनडी, म्हणजे त्यातला नोड (नेटवर्कशी जोडलेला तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम), पार्श्वभूमीला चालू आहे, हे गृहीत धरतो. त्याला टर्मिनलवरून आज्ञा देतो तो बिटकॉइन-सीएलआय. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

सुरुवात 'बिटकॉइन-सीएलआय -गेटइन्फो'ने. डॅश विसरू नका. बिनडॅशचं गेटइन्फो 2018 मध्ये, 0.16 आवृत्तीतच काढून टाकलं, तरी जुने लेख अजून तेच शिकवतात. ब्लॉक आणि जोडण्यांचे आकडे दिसले, तर थेट 'बाकीचं सोपं आहे'पाशी या.

मला दोन रात्री काही दिसलं नव्हतं. सीएलआय हा नुसता निरोप्या आहे. तो आरपीसी नावाच्या पद्धतीने, 8332 पोर्टवर नोडकडे निरोप नेतो आणि नोड आधी ओळख मागतो. त्यासाठी नोड दर वेळी सुरू होताना डेटा डिरेक्टरीत 'डॉट कुकी' ही फाईल नव्याने लिहितो आणि नीट बंद झाला की पुसतो. लिनक्सवर सीएलआय ही फाईल शोधतो ती आज्ञा देणाऱ्या युजरच्या होममधल्या (त्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या) 'डॉट बिटकॉइन' फोल्डरात. माझा नोड सिस्टमडीखाली (लिनक्सवर सेवा चालवणारी यंत्रणा) 'बिटकॉइन' नावाच्या वेगळ्या युजरने चालायचा आणि त्याचा डेटा होता व्हार-लिबमधल्या बिटकॉइनडी फोल्डरात. म्हणजे किल्ली एका घरात आणि मी शोधतोय दुसऱ्या. वैतागून सुडो (आज्ञा रूटच्या, म्हणजे मुख्य युजरच्या, किंवा दुसऱ्या युजरच्या नावाने चालवणं) लावलं, तर पठ्ठ्या रूटच्या होममध्ये शोधायला गेला!

मग कुणीतरी सल्ला दिला: कॉन्फ फाईलमध्ये (सेटिंग्जच्या फाईलमध्ये) आरपीसीयुजर, आरपीसीपासवर्ड टाक, आरपीसीअलाऊआयपी (कुठल्या पत्त्यांवरून आज्ञा घ्यायच्या ते) सगळ्यांना खुलं कर. हे अजिबात करू नका. आरपीसीची वाहतूक एन्क्रिप्ट होत नाही. ज्याच्या हाती ती पडेल तो तुमचं अनलॉक केलेलं वॉलेट रिकामं करू शकतो. दुसऱ्या मशीनवरून नोड चालवायचा तर एसएसएच टनेल (दोन मशीनमधली एन्क्रिप्ट केलेली वाट) वापरा. मी आयपी खुला केला नाही, पण पासवर्डची ओळ माझ्या होममधल्या कॉन्फमध्ये राहून गेली. पुढे '-आरपीसीकुकीफाईल'ने बरोबर पत्ता दिला तरी 'ऑथरायझेशन फेल्ड'च येत राहिलं, कारण पासवर्ड लिहिलेला असला की सीएलआय कुकीकडे बघतच नाही. ती ओळ आधी उडवा.

उपाय एका ओळीचा आहे: 'सुडो -यू बिटकॉइन' लावून सीएलआय चालवा आणि '-डेटाडिर'ला नोडचा खरा फोल्डर द्या. रोज एवढं कोण टाइप करणार, म्हणून एलियस (लांब आज्ञेचं छोटं नाव) करून ठेवा. आवृत्ती 28 किंवा पुढची असेल तर नोडच्या कॉन्फमध्ये 'आरपीसीकुकीपर्म्स'ला 'ग्रुप' लिहा, स्वतःला नोडच्या युजरच्या ग्रुपात घाला आणि पुन्हा लॉगइन करा. मग सुडो लागत नाही. कुकीला 777 परवानगी (सगळ्यांना सगळं मोकळं) देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एरर नीट वाचा. 'कुड नॉट कनेक्ट' म्हणजे नोड बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. चाचणीची नेटवर्कं वेगळ्या पोर्टवर असतात: सिग्नेट 38332 वर, रेगटेस्ट 18443 वर, आणि त्यांच्या कुक्या आपापल्या उपफोल्डरात, म्हणून '-सिग्नेट' किंवा '-रेगटेस्ट' जोडावं लागतं. 'कुड नॉट लोकेट आरपीसी क्रेडेन्शियल्स' म्हणजे कुकी सापडली नाही. 'उणे 28' हा एरर कोड म्हणजे तक्रारच नाही, नोड अजून उठतोय, चहा घ्या.

बाकीचं सोपं आहे. सिंक (साखळीचे सगळे ब्लॉक उतरवून घेणं) कुठवर आलं ते 'गेटब्लॉकचेनइन्फो'त ब्लॉक्स आणि हेडर्स (ब्लॉकांची शीर्षकं) यांचे आकडे ताडून कळतं. वॉलेट 0.21 पासून आपोआप बनत नाही, 'क्रिएटवॉलेट' द्या. एकाहून जास्त असतील तर '-आरपीसीवॉलेट'ने नाव सांगा. वॉलेटचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) आज्ञेत कधीच लिहू नका, शेलच्या हिस्टरीत राहतो, '-एसटीडीइनवॉलेटपासफ्रेज' वापरा.

बंद करायला 'स्टॉप'. 'बिटकॉइन कोअर स्टॉपिंग' लगेच छापून येतं, पण तेव्हा काम संपलेलं नसतं. मेमरीतला डेटा अजून डिस्कवर उतरत असतो. डीबग लॉगमध्ये 'शटडाऊन: डन' दिसेपर्यंत मशीनच्या बटणाला हात लावू नका.