अनुदानाच्या योजना तपासताना या चुका टाळा

‘काका, पस्तीस टक्के सबसिडी मिळतेय, अर्ज भरून द्या.’ शिमग्याला चाकरमानी गावी आले की हे ऐकायची सवय झाली आहे. धंदा कसला, हे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येतं.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे अनुदान हातात पडणार असं धरून हिशेब मांडणं. पीएमएफएमईत, म्हणजे केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेत, 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, हे खरं. पण ही रक्कम कर्जाला जोडलेली असते. ती बँकेत तीन वर्षं अडकून राहते, आणि युनिट चालू व खातं नियमित असेल तरच कर्जातून वळती होते.

लांजा तालुक्यातल्या एका तरुणाने 10 लाखांचं काजू युनिट काढलं. स्वतःचा एक लाख, बाकी कर्ज. साडेतीन लाख येतील त्यात काजूबी घेऊ, असा बेत. प्रकल्प अहवाल एजंटाने करून दिलेला, त्यात युनिट वर्षभर चालू! अहो, बी येते फार तर मे अखेरपर्यंत. वर्षाचा माल त्या दोन-तीन महिन्यांत रोखीने उचलावा लागतो, आणि चार किलो बीमागे गर पडतो जेमतेम किलोभर. खेळतं भांडवल नव्हतं, म्हणून खासगी व्याजाने थोडी बी घेतली. ती संपली आणि गणपतीआधीच कटिंग मशीनवर धूळ बसली. हप्ता मात्र दर महिन्याला दारात. खातं थकलं, त्यामुळे साडेतीन लाखही लटकले.

कोणी अहवाल घेऊन आला की मी आधी अनुदानाची ओळ खोडतो. मग बारा महिने एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे आवक आणि हप्ता मांडायला लावतो. जून ते सप्टेंबर कोरे राहिले तर सही करू नका, मग एजंट कितीही गोड बोलो.

दुसरं दुखणं सातबाऱ्याचं. आजोबांचं नाव अजून तसंच, सहहिस्सेदार बोरिवलीत नि डोंबिवलीत, इतर हक्काच्या रकान्यात कोणाचं तरी कूळ. वारस नोंद आणि संमतीपत्रं नसताना पोर्टलवर घाई करून काय उपयोग? सह्या गणपतीत घ्या. सगळे हिस्सेदार एका छपराखाली येण्याचे दिवस तेवढेच, आणि तेव्हा भांडणंही जरा कमी असतात.

कृषी खात्याच्या पूर्वसंमतीआधी पॉवर टिलर विकत घेऊ नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. दुकानदार ‘मी बघतो’ म्हणाला तर तो फक्त त्याची विक्री बघतोय.

राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे पैसे 50, 30, 20 टक्के असे तीन वर्षांत येतात, तेही जगलेली कलमं पाहून. एप्रिलचं पाणी आणि वणवा अडवायची जाळपट्टी यांचा खर्च आधी धरा. कोकणात 10 हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो म्हणून सगळा कातळ एकदम खणायला काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

‘मंजुरी नक्की’ सांगून आगाऊ टक्केवारी मागणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त तो जागेवर सापडायला हवा.