नोकरी सोडून टॅक्सीवर यायचंय? आधी किलोमीटरचा हिशोब शिका

मी १७ वर्षं लोअर परळच्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर होतो. गेली नऊ वर्षं दादर-परळ पट्ट्यात काळी-पिवळी चालवतोय. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी स्टँडवर येतं, नोकरीला कंटाळलेलं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॅज कसा काढायचा?" बॅज म्हणजे पॅसेंजर बसवायचा आरटीओचा बिल्ला. तो निघतो हो. बॅजपायी धंदा सोडून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जे गेले ते वर्ष-दीड वर्षात, डोक्यावर कर्ज घेऊन गेले, कारण रात्री खिशात आलेले पैसे नेमके कुणाचे, हे त्यांना कळलं नाही. मलाही कळत नव्हतं. म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकतो आणि तेवढं एक सविस्तर सांगतो.

कागदपत्रं

हलक्या वाहनाचं साधं लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीलाही चालतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. पॅसेंजर बसवायला मात्र बॅज लागतोच. आरटीओत अर्ज, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. एजंटाच्या नादी लागू नका.

आधी रविवारची शिफ्ट

राजीनामा देऊ नका. गाडीही घेऊ नका. एखाद्या मालकाची टॅक्सी रविवारी शिफ्टवर, म्हणजे दिवसाचे ठरलेले पैसे मालकाला देऊन, घ्या. बऱ्याच मालकांचा नेहमीचा ड्रायव्हर रविवारी सुट्टीवर असतो, त्यांनाही माणूस हवाच असतो. चावी हातात घेण्याआधी गाडीचा इन्शुरन्स, फिटनेस आणि पीयूसी बघा. तारीख उलटलेली असेल तर मालक कितीही ओळखीचा असो, हात जोडून परत या.

असे किमान १२ रविवार करा, आणि त्यातले चार पावसाळ्यातले असू देत. परळजवळ हिंदमाताला पाणी भरलंय, मागे पॅसेंजर बसलाय, मीटर रुपया-रुपयाने सरकतोय आणि गाडी जागची हलत नाही, अशा वेळी तुमच्या डोक्याचं काय होतं हे आधी समजलेलं बरं.

वही

आता मुख्य गोष्ट. नोकरदाराचं डोकं सात तारखेला बांधलेलं असतं. पगार आला की तो सगळा आपला, पीएफ वगैरे कापून हातात आलेला. टॅक्सीत उलटं आहे. इथे रोज संध्याकाळी नोटांची गड्डी खिशात येते आणि कापणारा कुणी नसतो. पहिल्या वर्षी मी रोज घरी जाऊन म्हणायचो, "आज १,९०० कमावले." ती कमाई नव्हती, तो नुसता धंदा होता, म्हणजे दिवसभरात जमलेलं एकूण भाडं. स्टँडवरची जुनी माणसं हे दोन शब्द कधी एकमेकांत मिसळत नाहीत. तुम्हीही पहिल्या दिवसापासून मिसळू नका.

माझ्या वहीतला शिफ्टच्या दिवसांतला एक साधा दिवस सांगतो, हे आणि पुढचे आकडे २०२५ च्या दराने मांडून. धंदा १,९०० रुपये. गाडी फिरली १३० किलोमीटर. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये किलोभर सीएनजीला २० किलोमीटरचं ॲव्हरेज धरा, म्हणजे साडेसहा किलो गॅस. ८० रुपये भावाने ५२० झाले. मालकाचे ५००. उरले ८८०. चहा, जेवण, शौचालयाचे सुट्टे जाऊन घरी नेले ७३०. हा खरा आकडा.

पण हाही पुरेसा नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि मीही इथेच फसलो होतो. खालचा आकडा वाढवायचा म्हणून मी वरचा आकडा वाढवायला धावलो. दादरला पॅसेंजर सोडला की रिकामी गाडी घेऊन थेट बांद्रा टर्मिनस, तिथून रिकामा परत. एकदा धंदा २,२०० झाला आणि मी खूश. वहीत किलोमीटर लिहिले तेव्हा कळलं, गाडी १९० फिरली होती. साडेनऊ किलो गॅस, ७६० रुपये. मालकाचे ५०० जाऊन उरले ९४०. अडीच तास जास्त बसलो, ६० किलोमीटर जास्त फिरलो, आणि हातात जास्तीचे आले ६० रुपये. स्वतःची गाडी असती तर टायर आणि ब्रेक-क्लचची झीज धरून तेही उरले नसते.

म्हणून रोजचा धंदा त्या दिवशी फिरलेल्या एकूण किलोमीटरने भागायचा. रोज. अपवाद नाही. पहिल्या दिवसाचे १,९०० भागिले १३०, म्हणजे १४ रुपये ६० पैसे. दुसऱ्या दिवसाचे ११ रुपये ६० पैसे. आता मीटरचा दर बघा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. यातला फरक म्हणजे तुम्ही रिकामे फिरलात तो रस्ता. १४ रुपये ६० पैसे पडले तर शंभरातले साधारण ३० किलोमीटर रिकामे. ११ रुपये ६० पैसे पडले तर जवळजवळ ४५. "रोज चार हजार कमवा" असं छातीठोक सांगणारे किलोमीटर कधीच सांगत नाहीत. जो किलोमीटर सांगत नाही त्याचं ऐकू नका.

हा आकडा १४ च्या वर ठेवायला मला वर्ष लागलं. सुधारला तो एकाच गोष्टीने, थांबायला शिकल्यामुळे. भाडं सोडलं की तिथल्याच जवळच्या स्टँडला लागायचं. भल्या सकाळी दादरला लांबच्या गाड्या उतरतात, माणसांबरोबर सामान असतं. दुपारी परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या बाहेर. तिथून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेपर्यंतचं भाडं लहान असतं, नवीन पोरं ते नाकारतात. नाकारू नका. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, हे तर झालंच. पण एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून, उन्हात, तिसऱ्या टॅक्सीला हात दाखवणारी बाई समोर उभी असेल तर हिशोब बाजूला ठेवून दार उघडायचं. आणि हिशोबानेही ते भाडं तोट्याचं नाही, कारण सोडाल तिथे दादर आहे आणि पुढचा पॅसेंजर पाच मिनिटांत मिळतो.

आता दुसरा भाग, ज्याने माझं खरं नुकसान केलं. दोन वर्षं शिफ्ट मारून मी स्वतःची जुनी टॅक्सी घेतली. मालकाचे ५०० वाचले म्हणून ते घरखर्चात गेले. ते माझे नव्हतेच, गाडीचे होते. पुढच्या जूनमध्ये इन्शुरन्स, फिटनेसचं पासिंग आणि गॅसच्या टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, एकाच महिन्यात आली. पासिंगला गाडी न्यायची तर पुढचे दोन टायर बदलणं भाग होतं. पैसे नाहीत म्हणून गाडी ११ दिवस चाळीखाली उभी, आणि गाडी उभी म्हणजे धंदाही बंद. बायकोची भिशी त्या महिन्यात लागली होती. तिने शिलाई मशीनसाठी धरलेले ते पैसे न बोलता माझ्या हातात ठेवले. मशीन घरी यायला पुढे दीड वर्ष गेलं. ते ११ दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझ्या डॅशबोर्डच्या खणात चेनच्या दोन पिशव्या असतात, एक निळी, एक खाकी. रात्री गाडी लावली की दिवा चालू ठेवून, गाडीतच, वही भरायची. घरी गेल्यावर नाही, घरी गेलं की जेवण आणि झोप. फिरलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे तीन रुपये निळ्या पिशवीत, ते गाडीचे. १३० फिरलात तर ३९०. कर्जाचा हप्ता असेल तर त्याचा रोजचा वाटा वेगळा. उरलेले खाकीत, ते घरचे. निळी पिशवी दर सोमवारी बँकेतल्या वेगळ्या खात्यात रिकामी करायची. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी बायकोकडे दिलंय. तुमच्या घरात जो कमी ढिला असेल त्याच्याकडे द्या. पोराची फी अडली तरी निळ्या पिशवीला हात लावायचा नाही. कठोर वाटेल, पण पोराची फी त्याच गाडीतून येणार आहे.

गाडी घेताना

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑगस्ट २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली ती याचमुळे. म्हणून किंमत ऐकण्याआधी नोंदणीचं साल विचारा आणि उरलेल्या वर्षांनी किमतीला भागा. परमिट पाच वर्षांचं असतं, त्याची तारीख बघा. गॅसच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, ती कधी झाली ते प्लेटवर वाचा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. गाडी आठ वर्षांच्या वरची असेल तर पासिंग दरवर्षी येतं, तेही वहीत धरा.

रस्ते

मोबाइलचा नकाशा वापरा, पण पूल स्वतः लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये शीवचा पूल बंद झाला तेव्हा ज्यांना फक्त नकाशा येत होता ते महिनाभर धारावीत अडकत होते.

रात्र

रात्री १२ ते ५ मीटरवर २५ टक्के जास्त मिळतात. पहिल्या सहा महिन्यांत या मोहात पडू नका. छापखान्यातली रात्रपाळी आणि स्टेअरिंगवरची रात्र यांत फार फरक आहे. मशीनपुढे डुलकी लागली तर कागद वाया जातो.

राजीनामा कधी

बारा रविवारांची वही पूर्ण झाल्यावर. किलोमीटरमागचा आकडा सलग चार रविवार १४ च्या वर असेल आणि घरचा तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तरच. पीएफ मोडून गाडी घेऊ नका. नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम किंवा ईएसआयसी जाते, तेव्हा राजीनाम्याच्या आधीच घरच्यांचा आरोग्य विमा काढा. आणि शौचालय सापडत नाही म्हणून पाणी कमी प्यायची सवय लावून घेऊ नका. मी लावून घेतली होती, चौथ्या वर्षी मुतखडा निघाला. तुमच्या पट्ट्यातली स्वच्छ शौचालयं वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. माझ्या वहीत दादर ते लालबाग अशी सात आहेत.