घरच्या ऑफिससाठी प्रिंटर: कागदपत्रं आणि फोटो, दोन्ही बेताच्या खर्चात

किमती चाळायला लागण्याआधी दोन गोष्टी लिहून काढा. महिन्याला साधारण किती पानं छापायची आहेत, आणि दोन प्रिंटच्या मध्ये जास्तीत जास्त किती दिवसांचा खंड पडतो. पहिल्या आकड्यावरून खर्च ठरतो, दुसऱ्यावरून यंत्राचं आयुष्य. खंडाचा हिशेब सहसा कोणी करत नाही, आणि शाईचे प्रिंटर घरात नुसते पडून राहूनच खराब होतात. हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, केसाहून बारीक छिद्रांत शाई वाळली की रेघा तुटायला लागतात, मग रंग गायब होतात.

महिन्याला पन्नास-शंभर पानं आणि आठवड्यातून निदान एकदा रंगीत प्रिंट असेल, तर इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाक्या असलेला प्रिंटर घ्या. छपाई जवळपास सगळी काळी, आणि कधी महिना-महिना काहीच नाही, असं असेल तर ब्लॅक अँड व्हाइट लेझर घ्या आणि फोटो लॅबमधून काढा. लेझरमध्ये शाईच्या जागी असणारा टोनर ही कोरडी पूड असल्यामुळे ती वाळण्याचा प्रश्नच येत नाही. कार्ट्रिजचा (शाईची छोटी डबी, संपली की नवी घालायची) स्वस्त इंकजेट आम्ही जवळपास कोणालाच सुचवत नाही.

पानामागे किती पडतं

समजा कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आणि इंक टँक १२,००० ला मिळतो आहे. छोटी काळी कार्ट्रिज ९०० रुपयांची आणि ती १५० पानं देते, म्हणजे पानाला ६ रुपये. टँकची काळी बाटली ४०० ची आणि ४,५०० पानांची, म्हणजे पानाला ९ पैसे. यंत्राच्या किमतीतला ८,००० चा फरक सुमारे १,३५० पानांत भरून निघतो. महिन्याला शंभर पानं धरली तर साधारण चौदा महिन्यांत. आपल्या भागातल्या किमती घालून हाच हिशेब स्वतः करा.

लेझरमध्ये टोनरबरोबर ड्रमही, म्हणजे पूड कागदावर उमटवणारा रूळही, मोजावा लागतो. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डी या मॉडेलचा टोनर २,६०० पानांचा आणि ड्रम वेगळा, १२,००० पानांचा. टोनर ३,००० रुपयांना आणि ड्रम ५,००० ला धरला तर पानाला दीड रुपयाच्या थोडं वर जातं. याउलट एचपीच्या जुन्या, अजूनही गल्लोगल्ली दिसणाऱ्या १२ए टोनरमध्ये ड्रम आतच असतो, त्यामुळे टोनर बदलला की ड्रमही नवा येतो. रिफिल केलेल्या टोनरवर पानाच्या कडेला राखाडी पट्टा किंवा ठरावीक अंतरावर तोच ठिपका दिसायला लागला, तर समजायचं की ड्रम झिजलाय. पूड कितीही भरली तरी तो ठिपका जाणार नाही.

खोक्यावरचा पानांचा आकडा ठरलेल्या चाचणी पानांवर काढलेला असतो, आणि त्या पानांवर शाईने झाकलेला भाग थोडाच असतो. भरगच्च मजकुराला शाई जास्त लागते. पानभर फोटोला तर तो आकडा लागूच होत नाही. शिवाय पहिल्यांदा भरलेल्या शाईतली बरीचशी नळ्या आणि हेड भरण्यात जाते, म्हणून पहिला संच नेहमी कमी पानं देतो. यंत्र सदोष आहे असं तेव्हा वाटून घेऊ नका.

शाई कोणती, यावर बरंच काही अवलंबून

डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो आणि कागदात मुरतो. चकचकीत फोटो पेपरवर ती खुलते, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं पसरतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. ते कागदाच्या वर बसतात, म्हणून अक्षर काळंभोर आणि रेखीव येतं आणि ओलाव्याला टिकतं.

एप्सनच्या एल३२१० आणि एल३२५० मध्ये लागणाऱ्या ००३ मालिकेत काळी धरून चारही शाया डाय आहेत. त्याच कंपनीच्या एल४२६० मध्ये काळी पिगमेंट आहे. एचपीची जीटी५३ काळी पिगमेंट, तर रंगीत डाय. कॅननच्या जी मालिकेतल्या चार रंगांच्या बऱ्याच मॉडेलांतही अशीच जोडी असते. करारनामे, बँकेचे अर्ज, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, परीक्षेचं हॉल तिकीट असं काही छापायचं असेल, म्हणजे जे पावसात बाहेर न्यायचं आणि ज्यावरचा क्यूआर कोड स्कॅन व्हायला हवा, तर काळी पिगमेंट शाई असलेलंच मॉडेल निवडा. दुकानात नमुन्याचं पान काढून मागा, दोन मिनिटं थांबा आणि ओळीवरून ओलं बोट फिरवा. हायलायटर नेलात तर तोही फिरवून बघा.

मात्र पिगमेंटची काळी शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही. म्हणून चार रंगांचा असा प्रिंटर ग्लॉसी पेपर निवडल्यावर काळी बाजूला ठेवतो आणि निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा रंग तयार करतो. केस, गडद साडी, सावल्या थोड्या तपकिरी किंवा हिरवट दिसतात त्या यामुळे. घरगुती अल्बमला हे चालतं.

फोटो किती गांभीर्याने छापायचे आहेत

फोटो हे काम असेल, म्हणजे पासपोर्ट फोटो, छोट्या समारंभांचे प्रिंट किंवा वस्तूंची चित्रं गिऱ्हाइकाला द्यायची असतील, तर सहा रंगांचा इंक टँक बघा. एप्सन एल८०५० मध्ये फिका निळा आणि फिका गुलाबी हे दोन रंग जास्त आहेत, त्यामुळे त्वचेच्या फिकट छटांत दाणे दिसत नाहीत. कॅनन जी५७० मध्ये लाल आणि करडा जास्त आहे. दोन्हींमध्ये स्कॅनर नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवा. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला मग दुसरी सोय करावी लागते.

फक्त ४×६ चेच फोटो हवेत आणि तेही कधीमधी, तर कॅननचा ‘सेल्फी’ (SELPHY) नावाचा डाय-सब्लिमेशन प्रकारचा छोटा प्रिंटर सोयीचा आहे. त्यात द्रव शाई नसते, रंगाची रिबन असते. आरपी-१०८ या संचात १०८ कागद आणि तेवढ्याला पुरेल इतकी रिबन येते, त्यामुळे संचाच्या किमतीला १०८ ने भागलं की एका फोटोचा नेमका खर्च कळतो. सहा महिने कपाटात राहिला तरी काही वाळत नाही. आणि वर्षाला वीस-पंचवीसच फोटो काढायचे असतील, तर लॅबच स्वस्त पडेल.

चार रंगांच्या साध्या इंक टँकवरही चांगले फोटो निघतात, पण कागद आणि सेटिंग बरोबर हवं. १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ग्लॉसी कागद रोजच्या कामाला पुरतो, भेट द्यायच्या फोटोला २३० ते २६० जीएसएमचा घ्या. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेपर टाइप ‘ग्लॉसी फोटो पेपर’ आणि क्वालिटी ‘हाय’ ठेवा. ‘प्लेन पेपर’ राहून गेलं तर ग्लॉसी कागदावर शाईचं प्रमाण चुकतं, ती साचून राहते आणि हात लागताच पुसली जाते. छापायची बाजू ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला जरा ओलं बोट लावा, लेप असलेली बाजू चिकटते. ४×६ साठी मूळ फोटो १२००×१८०० पिक्सेलचा असला की ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

३५×४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो ४×६ च्या एका कागदावर बसतात: आडव्या कागदावर चार-चारच्या दोन ओळी. इथे दोन चुका हमखास होतात. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर माप बदलतं, म्हणून ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. आणि ‘बॉर्डरलेस’ बंद करा, कारण कडा कोऱ्या राहू नयेत म्हणून त्यात प्रिंटर चित्र थोडं फुगवतो. पहिला कागद निघाला की पट्टीने मोजून मगच पुढचे काढा.

काही स्वस्त मॉडेलं बिनकडेचा फोटो फक्त ४×६ पर्यंतच छापतात. ए४ चा हवा असेल तर हे आधी विचारा. कागद मागून सरळ आत जातो की पुढच्या ट्रेमधून वळून येतो, तेही बघा. जाड फोटो पेपर वळणावर अडकतो किंवा बाकदार होतो.

लेझर घेणाऱ्यांनी वीज बघावी

लेझरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवायला आतला फ्युझर सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो, आणि तापताना क्षणभर हजार वॉटच्या आसपास किंवा त्याहून जास्त वीज ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. त्यावर लेझर लावला तर यूपीएस ट्रिप होईल आणि कॉम्प्युटरही बंद पडेल. लेझर थेट भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. इंकजेटला छापताना १०-१५ वॉट पुरतात, तो घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा एकच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

इंकजेटचा ग्लॉसी कागद लेझरमध्ये कधीही घालू नका. त्याचा लेप फ्युझरवर वितळून चिकटतो, आणि दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते.

बाकीच्या सोयी

वाय-फाय असू द्या, फोनवरून छापणं रोज लागतं. पण बहुतेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर जोडणी करताना प्रिंटर दिसतच नाही, तेव्हा तेवढ्यापुरता फोन २.४ वर आणा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं ड्युप्लेक्स रोज दहा-वीस पानी मजकूर काढणाऱ्यालाच हवं. लीगल कागद लागत असेल तर छपाई आणि स्कॅन वेगवेगळं तपासा: ३५६ मिलिमीटर लांबीचा कागद छापणाऱ्या यंत्राची काच बऱ्याचदा ए४ एवढीच असते.

व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे कराची वजावट मिळते. वॉरंटी बहुधा ‘अमुक वर्षं किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते’ अशी असते. त्यात हेड धरलं आहे का, आणि यंत्र घरी येऊन दुरुस्त करतात की सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, हे लेखी घ्या. एचपी आणि कॅननच्या अनेक टँक मॉडेलांत हेड स्वतः काढून नवं बसवता येतं. एप्सनचं हेड यंत्रात कायमचं असतं, टिकाऊ असतं, पण बदलायची वेळ आली तर खर्च मोठा.

आणल्यावर

यंत्र सपाट टेबलावर, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा. पहिल्यांदा शाई ओढायला दहा-पंधरा मिनिटं किंवा जास्त लागतात, तेवढ्यात बटण बंद करू नका, नाहीतर नळ्यांत हवा राहते. पुढेही टाकीतली शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, कारण तेच.

बंद नेहमी प्रिंटरच्या बटणानेच करा, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन त्याला झाकण लागतं. छापताना वीज गेली, तर ती आल्यावर एकदा चालू करून पुन्हा नीट बंद करा. उघडं राहिलेलं हेड विदर्भातल्या मे महिन्यात फार लवकर वाळतं. बहुतेक यंत्रांना ३५ अंशांपर्यंतचंच तापमान सांगितलेलं असतं, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत दुपारी मोठं काम काढू नका.

आठवड्यातून एकदा नॉझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान काढा. त्यात सगळे रंग थोडे थोडे वाहतात. रेघा तुटल्या तर एकदा हेड क्लीनिंग, मग पुन्हा नॉझल चेक. तीन वेळा करूनही सुधारलं नाही तर थांबा, यंत्र बंद करून बारा तास ठेवा आणि मग परत बघा. लागोपाठ क्लीनिंग करण्यात शाई वाया जाते आणि ती आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये साठते. पॅड भरला की प्रिंटर छापणंच थांबवतो. काही मॉडेलांत त्याजागी मेंटेनन्स बॉक्स असतो, तो घरीच बदलता येतो. नॉझल चेक व्यवस्थित आहे पण फोटोवर आडवे पट्टे दिसतात, तर क्लीनिंगच्या वाटेला न जाता हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) करा.

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कागद ट्रेमध्ये ठेवून देऊ नका. तो दमट होतो, दोन-दोन पानं एकत्र ओढली जातात, लेझरमधून निघताना वळतात. रीम तिच्याच वेष्टनात बंद ठेवा, लागतील तेवढीच वीस-तीस पानं काढा आणि ट्रेमध्ये घालण्याआधी कडेने फुलवून मोकळी करा. फोटो पेपरचं उघडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत, आडवं ठेवा.