लाल तांब्याच्या नादी लागण्याआधी

१७९३ चा चेन सेंट (मागे साखळी कोरलेलं एका सेंटचं नाणं) पाहून अमेरिकन तांब्याचं वेड लागलं असेल तर स्वाभाविक आहे. पण खरेदी तिथून सुरू करू नका. चांगल्या ग्रेडचा, म्हणजे उत्तम अवस्थेतला, चेन सेंट घेणं म्हणजे घर घेण्यातला प्रकार. लार्ज सेंट, म्हणजे हे जुने मोठे तांब्याचे सेंट, १८५७ पर्यंत पाडले गेले (फक्त १८१५ चा नाही), तेव्हा शेवटाकडून सुरुवातीकडे या. १८४०-५० च्या दशकांतले ब्रेडेड हेअर (वेणी घातलेल्या लिबर्टीचे) सेंट न वापरलेल्या अवस्थेतही बऱ्यापैकी मिळतात. डोळा त्यांच्यावरच तयार होतो.

मग १८१८ आणि १८२०. ही दोन सालं जवळपास कोरी मिळतात, कारण अमेरिकेतल्या जॉर्जियात सापडलेलं या नाण्यांचं एक पिंप! रँडल हॉर्ड, म्हणजे रँडल साठा, म्हणतात त्याला. त्यातल्या १८१८ च्या बऱ्याच नाण्यांवर नाणं छापायच्या ठशाला गेलेली चीर तारे आणि साल यांना जोडत गोल फिरते. तो दोष नव्हे, ओळखीची खूण समजा.

आता रंग. स्लॅबवर, म्हणजे ग्रेड ठरवून नाणं बंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीवर, बीएन (तपकिरी), आरबी (लाल-तपकिरी), आरडी (लाल) लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस आरडीवर पैसे उधळतो. मी गुळगुळीत, चॉकलेटी, डाग नसलेला बीएन केव्हाही आधी उचलेन. लाल नाणं दिसलंच तर एकाच दिव्याखाली तिरकं धरून फिरवा. अस्सल झळाळी नाण्यासोबत गोल फिरते. मूळ लाली उंचवट्यांवरून आधी जाते आणि अक्षरांच्या, ताऱ्यांच्या आडोशाला उरते. गाल लालभडक आणि खोबणी काळपट, असा उलटा प्रकार असेल तर कुणीतरी नाण्याशी छेडछाड केलीय. सगळीकडे एकसारखा नारिंगी रंग असेल तरी नको.

ग्रेडचा आकडा डोळे मिटून मानू नका. अवस्थेला १ ते ७० आकडे देणारा तो मापदंड विल्यम शेल्डननं १७९४ च्या सेंटांच्या किमतींवरून बसवला होता. तांब्याचे जुने संग्राहक, म्हणजे ईएसी (अर्ली अमेरिकन कॉपर्स) या क्लबची मंडळी, आजही कडक मोजतात. स्लॅबवर मिंट स्टेट (न वापरलेलं) लिहिलेलं नाणं त्यांच्या हिशोबात पुष्कळदा एयूच (किंचित वापरलेलं) ठरतं. ड्रेप्ड बस्ट (खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीच्या) सेंटवर कपाळावरचे केस आणि खांदा भिंगाखाली बघा. तिथं तपशील नसेल पण झळाळी अखंड असेल, तर छाप कमी उठलीय. झळाळीही गेली असेल, तर झीज.

आपल्याकडे शिवराई चिंचेनं घासणारे महाभाग आहेत, तसे या सेंटांच्या जगातही आहेत. घासलेलं तांबं गुलाबी पडतं आणि किंमत तिथंच बसते. चिकट मळ असेल तर झायलीन (मळ विरघळवणारं रसायन), मग दागिन्यांचा मऊ ब्रश, बस्स. झायलीन खिडकी उघडी ठेवूनच वापरा. पीव्हीसी प्लास्टिकचे पाऊच घरात आणू नका, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा.

आणि १७९९ चा दुर्मिळ सेंट कुणी स्वस्तात पुढे केला तर आधी शेवटचा ९ तपासा. १७९८ च्या ८ चा ९ करून विकणारे जुन्या काळापासून आहेत.